पायाच्या खड्ड्यातून निघालेलं लोखंड

गेल्या मार्गशीर्षात आमच्या गल्लीतल्या काकूंनी वाड्याची मागची पडवी उतरवली आणि नव्या खोल्यांसाठी पाया खणायला घेतला. तिसऱ्या दिवशी मिस्त्री घमेलं घेऊन दारात उभा राहिला. "बाईसाहब, ये सब जंग खाया लोहा निकला है, कबाड़ी को दे दूँ?" घमेल्यात काही गोळे होते. मातीने लडबडलेले, गुळाच्या ढेपेसारखे तपकिरी, मधेच हळदीसारखे पिवळे. एक तळहाताएवढा, जरा वाकडा. एक बोटभर जाडीचा लांबुळका. तीन-चार एकमेकांना चिकटून बसलेले. आणि एक गोल, जड.

काकूंनी मला हाक मारली. तरुणपणी दोन हंगाम मी एका उत्खननावर वस्तूंची नोंदवही सांभाळली होती आणि पुढे तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. मी पोचले तोवर काकूंचा भाचा ओसरीवर लिंबू, मीठ आणि तारेचा ब्रश मांडून बसला होता. "मावशी, कट्यार आहे ही. आत्ता चकचकीत करून दाखवतो." मी त्याचा हातच धरला. त्या दुपारी त्याला जे समजावलं तेच इथे लिहिते आहे.

आमच्या गावात जमिनीतून लोखंड निघणं नवलाचं नाही. आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो, आणि लष्कर हे नावच छावणीचं आहे. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला, तो पुन्हा उठलाच नाही. राहुट्यांच्या जागी वाडे झाले आणि तळाचं शहर झालं. कंपू, शिंदे की छावनी ही मोहल्ल्यांची नावं अजून तेच सांगतात. आमच्याकडच्या 'गोठ' म्हणवणाऱ्या वस्त्यांत मला तर मराठी 'गोट'च, म्हणजे फौजेचा तळच, ऐकू येतो. जिथे फौज राहिली तिथे तिच्याबरोबर लोहार, नालबंद, गाडीवान, सुतार, हलवाई सगळेच राहिले. पुढे जून १८५८ मध्ये या गावाच्या अंगावर लढाई आली आणि कोटा की सरायच्या बाजूला राणी लक्ष्मीबाई धारातीर्थी पडल्या. म्हणून इथे गंजका तुकडा दिसला की प्रत्येकाला त्यात तलवार दिसते. पण तलवारी माणसं जपतात, वारसांना देतात, मोडल्या तर दुसऱ्या कामाला लावतात. मातीत पडून राहतात ते खिळे, मेखा, कड्या, नाल, तुटके विळे, कढईचे कान. मला त्यांचंच महत्त्व जास्त वाटतं, कारण रोजचं जगणं कुणी कागदावर लिहून ठेवत नाही.

गंज म्हणजे मळ नव्हे

पितळेचं भांडं काळं पडतं, आपण चिंचेने घासतो, खालून पितळ निघतं. लोखंडालाही तोच न्याय लावायचा मोह होतो आणि सगळं नुकसान तिथे होतं.

लोखंड निसर्गात धातू म्हणून जवळजवळ मिळतच नाही. खनिजातून भट्टीत ते बळेच धातू केलेलं असतं. जमिनीत ओल आणि हवा मिळाली की ते परत खनिजाकडे निघतं. ही परतीची वाट म्हणजे गंज. त्यात एक गोष्ट अशी होते की गंजाला मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, दुप्पट, तिप्पट, कधी त्याहूनही जास्त. म्हणून वस्तू फुगते. गंज बाहेरही पसरतो, आजूबाजूची माती, वाळू, कोळशाचे कण यांना कवटाळतो आणि सगळ्याचा दगडासारखा गोळा करून टाकतो.

भाच्याला मी नारळ दाखवला. वरची शेंडी आणि सोडण म्हणजे माती मिसळलेला फुगीर गंज. आतलं खोबरं म्हणजे उरलासुरला धातू. आणि मधली करवंटी म्हणजे घट्ट, काळसर गंजाचा थर. वस्तू जेव्हा नवी होती तेव्हा तिचा पृष्ठभाग कुठे होता? खोबऱ्यावर नव्हे, करवंटीवर. धातू आत आत खाल्ला गेला, पण त्याची जागा घेणाऱ्या घट्ट गंजाने मूळ आकार जसाच्या तसा धरून ठेवला. पात्याची धार, खिळ्याचं डोकं, कोरलेली रेघ, सगळं त्या करवंटीत असतं. लिंबू किंवा व्हिनेगर हे सगळं विरघळवतं आणि ब्रश खरवडतो. तुम्ही चमकणाऱ्या धातूपर्यंत पोचता तेव्हा करवंटी गेलेली असते आणि हातात उरतो एक कुरतडलेला तुकडा, ज्याच्यावर मूळ वस्तूची एकही रेघ नसते. कित्येकदा खोबरंही उरलेलं नसतं. सगळी वस्तू गंजच झालेली असते आणि आत नुसती पोकळी असते. अशा वस्तूचा गंज काढणं म्हणजे वस्तूच काढून टाकणं.

हे मी माझ्या हाताने केलं आहे. पंधरा वर्षांची असताना आमच्या विहिरीच्या गाळातून एक लांबट गोळा निघाला. आजोबांनी कौतुकाने माझ्या हातात दिला. मी तो दोन दिवस चिंचेच्या पाण्यात ठेवला आणि राखेने घासला. शेवटी बोटाएवढी काळी काडी राहिली, तीही मोडली. पण त्या चिखलात एक पापुद्रा आला होता, त्यावर उभ्या-आडव्या बारीक रेघा होत्या, अगदी विणीसारख्या. मी तो बोटांत चुरला. पुढे कित्येक वर्षांनी उत्खननावर कळलं की ती खरोखरच वीण होती. लोखंडाला लागून कापड, लाकूड किंवा चामडं असेल तर गंज त्यात झिरपतो, धागा कुजून जातो, पण धाग्याचा साचा गंजात राहतो. मुठीच्या लाकडाचे रेषे, म्यानाचं चामडं, गुंडाळलेलं फडकं, सुतळीचा पीळ. आपल्या हवेत दोनशे वर्षांपूर्वीचं कापड मातीत टिकत नाही, त्याचा ठसा मात्र लोखंडाजवळ टिकतो. तो ठसा मी चुरला, आणि कुणाच्या घरचं ते कापड होतं हे आता कधीच कळणार नाही. तेव्हापासून मी गंजाला मळ म्हणत नाही.

हात न लावता जेवढं ओळखता येईल तेवढं

आधी वजन. गोळा हातात घेतला की अंदाज येतो. आकाराच्या मानाने चांगला जड असेल तर आत धातू उरला आहे. हलका असेल तर बहुतेक सगळं गंजात गेलं आहे आणि तो पडला तर फुटेल.

मग लोहचुंबक. दोऱ्याला बांधून गोळ्याजवळ न्यावा, घासू नये. जोरात ओढला तर धातू आहे. हलकासा कलला तर आत काळा गंज असेल, कारण गंजाच्या प्रकारांत हा काळा तेवढा चुंबकाला चांगला दाद देतो; पिवळा-तपकिरी फारसा देत नाही. म्हणजे चुंबक हलला नाही म्हणून "हे लोखंड नाही" असं ठरवायचं नाही. हलला म्हणून ती वस्तूच असेल असंही नाही. ग्वाल्हेरभोवतीच्या टेकड्यांच्या खडकांत लोहखनिजाचे पट्टे आहेत, त्यांचे तपकिरी दगड गंजक्या लोखंडासारखेच दिसतात. शिवाय भट्टीतलं किट्ट, म्हणजे लोखंडातून वेगळा होऊन थिजलेला कचरा. वैद्यांचं मंडूर भस्म ज्याच्यापासून होतं तेच हे, जितकं जुनं तितकं चांगलं असं वैद्य मानतात. किट्टाच्या तुकड्यात बुडबुड्यांची भोकं असतात, एखादी बाजू काचेसारखी चकाकते, कधी पातळ गुळासारखं ओघळून थिजलेलं दिसतं. ते टाकून देऊ नये. किट्ट सापडलं म्हणजे जवळपास कुणीतरी लोखंड तापवत होतं. तिथल्या मातीतून चुंबक फिरवला आणि माशाच्या खवल्यांसारखे बारीक काळे पापुद्रे चिकटून आले, तर तिथे लोहाराचा ऐरणीचा ठोकळा होता असं समजावं; तापलेल्या लोखंडावर घण पडला की उडतात ते हे पापुद्रे. मला ही खूण तलवारीपेक्षा मोलाची वाटते. तलवार कुठूनही येऊन पडते, पापुद्रे जिथे उडाले तिथेच पडून राहतात.

तुटलेली कडा सापडली तर ती नीट बघावी. घडीव लोखंड गंजलं की लाकडासारखं उभं चिरतं, तंतू सुटे होतात, कारण ठोकताना किट्टाचे धागे त्यात लांबवर ओढले गेलेले असतात. ओतीव लोखंड असं चिरत नाही. त्यातला धातू गेला तरी आतलं ग्रॅफाइट सांगाड्यासारखं राहतं, वस्तू बाहेरून धड दिसते, वजनाला हलकी लागते आणि नखाने पेन्सिलीच्या शिशासारखी खरवडते. ओतीव गोळ्यावर कधी साच्याच्या दोन अर्धांचा सांधाही कंबरेभोवती दिसतो.

खिळ्यांबद्दल लोक विचारतात. लोहाराने हाताने ठोकलेला खिळा आडवा कापला तर चौकोनी, चारही बाजूंनी निमुळता होत जाणारा, आणि डोकं ओबडधोबड. तारेपासून यंत्रावर केलेला खिळा गोल आणि टोकापर्यंत एकसारख्या जाडीचा. गोल खिळा निघाला तर तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाआधीचा नाही असं साधारण धरता येतं. उलटं मात्र धरता येत नाही. चौकोनी खिळे आपल्या लोहारांनी काल-परवापर्यंत केले आहेत, म्हणून नुसत्या चौकोनी खिळ्यावरून वाड्याचं वय सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण खिळा वाकलेला असेल तर ते मोजून ठेवावं. डोक्यापासून वाकापर्यंतचं अंतर म्हणजे ज्या फळ्यांतून तो ठोकला आणि पलीकडे दुमडला त्यांची जाडी. दार गेलं, पण त्याच्या फळीची जाडी खिळ्यात राहिली.

आता त्या गोल, जड गोळ्याविषयी. इथे मी सगळं थांबवून ठासून सांगते. जमिनीतून निघालेला कुठलाही लोखंडी गोल आधी धोकादायक समजावा. तोफेचे सगळे गोळे भरीव नसत. काही पोकळ असत, आत दारू भरलेली आणि वर वातीसाठी भोक. दीडशे वर्षं मातीत राहिलेली काळी दारू निकामी झालीच असेल असं धरता येत नाही, आणि भोक गंजाने बुजलेलं असलं की गोळा भरीवच वाटतो. भोक आहे का ते बघायला खरवडणं, ठोकणं, तापवणं, भोक पाडणं, स्कूटरवर घालून कुणाला दाखवायला नेणं, यातलं काहीही करू नये. असेल तिथे राहू द्यावा, पोरांना लांब करावं आणि पोलिसांना कळवावं. ११२ वर फोन केला तरी चालतो. आमच्या मिस्त्रीने तो घमेल्यातून आणलाच होता, तेव्हा आम्ही घमेल्यासकट वाळूच्या ढिगावर ठेवला आणि काम बंद केलं. अर्धा दिवस मोडला म्हणून तो कुरकुरला. पोलिसांबरोबर आलेल्या जाणकाराने तपासून गोळा भरीव असल्याचं सांगितलं, मगच मी मोजपट्टी काढली.

भरीव ओतीव गोळ्याचा हिशेब सोपा आहे. व्यास १० सेंटीमीटर असेल तर त्याचं आकारमान साधारण ५२४ घन सेंटीमीटर, आणि ओतीव लोखंड पाण्याच्या सव्वासात पट जड धरलं तर वजन पावणेचार किलोच्या आसपास यायला हवं. काकूंचा गोळा गंजासकट १० सेंटीमीटरचा आणि वजन ३ किलो १०० ग्रॅम. तूट गंजामुळे असू शकते. तरी मी नोंदवहीत "तोफेचा गोळा" असं लिहिलं नाही. कारखान्यांच्या दळण्याच्या पिंपांत घालायचे लोखंडी गोल असतात, मैदानी खेळांतला फेकायचा गोळा असतो, जुन्या तराजूंची वजनं असतात. गोल आकार हा पुरावा नव्हे.

कुठे होतं ते आधी लिहा

वस्तू काय आहे हे उद्या, दहा वर्षांनी, कुणीही ठरवू शकेल. ती कुठे होती हे मात्र फक्त आज, फक्त तुम्हालाच सांगता येतं, आणि खड्डा बुजला की कुणालाच नाही.

याचं उदाहरण आमच्या जुन्या संस्थानातलंच देते. विदिशेजवळचं बेसनगर तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होतं. तिथे तक्षशिलेहून आलेल्या हेलिओडोरस या यवन, म्हणजे ग्रीक, राजदूताने वासुदेवासाठी उभारलेला गरुडस्तंभ आहे, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. गावकरी त्याला खांबबाबा म्हणतात. १९१३ ते १९१५ या काळात पुरातत्त्वज्ञ दे. रा. भांडारकरांनी बेसनगरला खोदकाम केलं, तेव्हा स्तंभाच्या बुडाशी लोखंडाच्या पाचरी मिळाल्या. इंग्लंडातले पोलादतज्ज्ञ रॉबर्ट हॅडफील्ड यांच्याकडे तुकडा तपासायला गेला आणि त्यात सुमारे ०.७ टक्के कार्बन निघाला, म्हणजे ते नुसतं लोखंड नव्हे, पोलाद होतं. आता विचार करा, तीच पाचर एखाद्या शेतात नुसती पडलेली मिळाली असती तर? कुणी म्हणालं असतं मोगली, कुणी म्हणालं असतं आजोबांच्या बैलगाडीची. ती स्तंभाच्या बुडाशी, दगडाखाली दबलेली होती, म्हणजे स्तंभ उभा करतानाच तिथे बसवलेली होती. तिचं वय तिच्या अंगात नव्हतं, तिच्या जागेत होतं, आणि ती जागा कुणीतरी लिहून ठेवली म्हणून आपल्याला कळली.

म्हणून गोळा उचलण्याआधी, जागेवर असतानाच फोटो. शेजारी शाळेतली फूटपट्टी ठेवायची आणि उत्तरेकडे तोंड केलेला खडूचा बाण काढायचा. एक फोटो जवळून, एक खड्ड्याची पूर्ण भिंत दिसेल असा, एक लांबून, ज्यात विहीर किंवा दार असं न हलणारं काहीतरी येईल. मग फीत धरून दोन पक्क्या ठिकाणांपासून अंतर मोजायचं. एकाच ठिकाणापासून मोजलं तर वस्तू कुठल्या दिशेला होती हे निसटतं, दोन अंतरं मिळाली आणि ती कुठल्या बाजूला ते लिहिलं की कंपासने नकाशावर बिंदू पक्का होतो. खोली मोजताना "जमिनीपासून" एवढं लिहू नये, कारण जमीनच बदलणार आहे. आजच्या उंबऱ्याच्या वरच्या कडेपासून असं लिहावं. फोनवरचं ठिकाणही टिपून ठेवावं, पण त्यात चार-पाच मीटरची चूक सहज असते, वाड्याच्या अंगणात तेवढ्यात दोन खोल्या बसतात.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे थर. खड्ड्याची भिंत फावड्याने सरळ तासून घेतली आणि थोडं पाणी मारलं की थर आपोआप उमटतात: वर भराव, मग चुन्याचा कोबा, खाली राखेची करडी माती, त्याखाली पिवळी न हललेली. वस्तू कुठल्या पट्ट्यात होती आणि त्याच पट्ट्यात आणखी काय होतं, खापऱ्या, कोळसा, हाडं, बांगडीची काच, ते लिहायचं. समजा त्याच करड्या मातीत माधवराव शिंदे महाराजांच्या नावाचा पाव आणा मिळाला. ते १८८६ मध्ये गादीवर आले, तेव्हा तो थर त्याआधी साचलेला असूच शकत नाही, आणि त्यातली गंजकी कडीही तिथे १८८६ च्या आधी पडलेली नाही एवढं हाती येतं. नाणं चोरून ठेवलं आणि कडी फेकली की दोन्ही मुकी होतात. थर खणताना कुठे उंदराचं बीळ, जुना खड्डा किंवा पाइपाची चारी दिसली तर तेही लिहायचं, कारण वरची वस्तू तिथून खाली घसरते.

वर्णन लिहिताना आमच्या उत्खननावरच्या सरांची एक शिस्त होती, ती मी सोडलेली नाही: नाव शेवटी. आधी लांबी, रुंदी, जाडी, वजन. मग आकार, जसा दिसतो तसा: वक्र पट्टी, एक टोक रुंद, एक निमुळतं. मग रंग आणि स्थिती: कुठे फुगली, कुठे चीर, कुठे ताजी मोड, चुंबकाला किती दाद. पृष्ठभागावर वीण, रेषे, निळसर भुकटी असं काही दिसतं का. ही निळी भुकटी हाडं, शेण, उकिरडा अशा फॉस्फरसच्या आणि ओलीच्या जागी लोखंडाजवळ येते, म्हणजे तीही जागेबद्दल बोलत असते. आणि सगळ्यात शेवटी ओळख, प्रश्नचिन्हासकट. कारण वहीत एकदा "कट्यार" लिहिलं गेलं की पुढचे सगळे कट्यारच बघतात.

क्रमांक एकदाच द्यायचा आणि तोच वहीत, पिशवीवर, फोटोच्या नावात आणि आतल्या चिठ्ठीवर लिहायचा. चिठ्ठ्या दोन, एक आत, एक बाहेर. शाई ओलीत पसरते, शिसपेन्सिल पसरत नाही. चिकटून बसलेले चार गोळे सोडवायचे नाहीत. त्यांचा मिळून एक क्रमांक. काकूंचे ते चार बहुधा एका साखळीचे दुवे आहेत, पण कदाचित पोत्यात भरलेले खिळेही असतील, आणि पोत्याचा ठसा मधेच कुठेतरी असेल.

पेटी आणि क्ष-किरण

जमिनीत दीडशे वर्षं टिकलेलं लोखंड बाहेर काढल्यावर वर्षभरात का फुटतं, हे मला विद्यार्थी नेहमी विचारत. कारण मीठ. जमिनीतले क्लोराइड, आणि वाड्याच्या जमिनीत सांडपाणी, गोठा, मोरी यांच्यामुळे ते भरपूर, गंजातून झिरपत धातूला जाऊन बिलगतात. आत असताना हवा कमी, म्हणून सगळं मंद चालतं. बाहेर काढलं की हवा आणि ओल दोन्ही मिळतात, आतून नवा गंज फुगतो आणि वरची करवंटी पापुद्र्यांनी उडते. पावसाळ्यात अशा वस्तूवर नारिंगी थेंब दिसतात, जणू तिला घाम आला आहे. हे दिसलं की ती मरते आहे असं समजावं.

यावर घरात करण्यासारखा एकच उपाय आहे, कोरडेपणा. सावलीत हळूहळू सुकू द्यावी, उन्हात किंवा चुलीजवळ नाही. मग घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या भरपूर पुड्यांबरोबर ठेवावी. डब्यातली आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली राहिली तर गंज फार मंदावतो, १२ टक्क्यांच्या खाली जवळजवळ थांबतो. आमच्याकडे ज्येष्ठात लू वाहते तेव्हा हवा कोरडी असते म्हणून गाफील राहू नये, श्रावण सगळं वसूल करतो. रंग बदलणारं सिलिका जेल घेतलं तर ते भिजल्याचं दिसतं, मग बदलावं. लाकडी कपाट, कापूस, वर्तमानपत्र नको: लाकडातून आंबट वाफा निघतात, कापसाचे तंतू पापुद्र्यांत अडकतात, कागद ओल धरतो. तेल, मेण, वार्निश मुळीच नको. आतलं मीठ तसंच राहतं आणि पुढे संवर्धकाचं, म्हणजे जुन्या वस्तू टिकवणाऱ्या जाणकाराचं, काम दुप्पट होतं. वस्तू पाणथळ गाळातून, विहिरीच्या तळातून काळी आणि ओली निघाली असेल तर मात्र ती सुकवूही नये. ओलीच झाकून ठेवून जाणकारांना विचारावं.

मग आतलं दिसणार कसं? त्यासाठी क्ष-किरण. गंज विरळ, धातू दाट, म्हणून चित्रात धातू उजळ दिसतो आणि गंजाने भरलेली भोकं, पोकळ्या, कोरलेल्या रेघा आपापल्या जागी उमटतात. चांदीची तार बसवलेली असेल तर तीही लखलखते. एक कणही न खरवडता वस्तू ओळखता येते. बऱ्याचदा चित्र हीच शेवटची नोंद ठरते, कारण पुढे वस्तू टिकली नाही तरी तिचं रूप राहतं. नागपूरजवळच्या माहुरझरीच्या शिळावर्तुळांत, म्हणजे दगडांच्या वर्तुळांनी वेढलेल्या प्राचीन दफनांत, घोड्यांबरोबर पुरलेले लोखंडी लगाम मिळाले, नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली. असलं सगळं लोखंड आधी मातीचे गोळेच असतं, ते ओळखण्याआधी कुणीतरी सांभाळलेलं असतं.

भाच्याने मधेच विचारलं, मग दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं उघड्यावर आहे, तो कसा गंजला नाही? त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि त्यामुळे त्यावर एक पातळ, घट्ट थर बसला, जो पुढचा गंज अडवतो. कानपूरच्या आयआयटीतल्या बालसुब्रमण्यम यांनी त्यावर बरंच काम केलं. पण त्याचाही जमिनीत गाडलेला भाग वरच्यापेक्षा जास्त गंजलेला निघाला होता.

कायद्याचंही थोडक्यात सांगते, कारण लोक घाबरून वस्तू लपवतात. १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं, काय, केवढं, कुठे, कधी. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तूंचा कायदाही लागतो. वस्तू शोधायला म्हणून मुद्दाम खणणं, यंत्र फिरवून माळावर धातू हुडकणं हे आपलं काम नव्हे. पायाच्या खड्ड्यात आपसूक निघालं तर कळवावं. आमच्या किल्ल्याच्या पायथ्याशी गुजरी महालात राज्याचं संग्रहालय आहे. ग्वाल्हेर संस्थानाचं पुरातत्त्व खातं मो. ब. गर्दे यांनी उभं केलं, तेव्हापासून या गावाला वस्तू जपायची सवय आहे.

काकूंनी अर्ज लिहिला, मी नकाशा काढला. महिन्याभराने एका संवर्धकाने वाकड्या पट्टीचं क्ष-किरण चित्र काढून दिलं. बाहेरच्या वक्र कडेने ओळीने पाच भोकं, दोन भोकांत खिळ्यांचे तुटके बुंधे. कट्यार नव्हे, बैलाचा नाल. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून घोड्यासारखा एक अखंड नाल त्याला चालत नाही. एका पायाला दोन पत्र्या लागतात, चार पायांना आठ. त्यातली ही एक. मला वाटलं भाचा खट्टू होईल. तो बराच वेळ चित्र उजेडाकडे धरून बसला आणि म्हणाला, "मावशी, दोन खिळे आतच मोडलेत. म्हणजे नाल झिजला म्हणून काढलेला नाही, चालता चालता निसटलाय." हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग त्याने पेन्सिल घेतली आणि वहीत लिहिलं, ते अक्षर त्याचंच आहे:

"क्रमांक ३. मागचं अंगण. विहिरीच्या कठड्यापासून ३ मीटर २० सेंमी, जुन्या कोठीच्या कोपऱ्यापासून ४ मीटर ६५ सेंमी, दोन्हींच्या पूर्वेला. मागच्या दाराच्या उंबऱ्यापासून ८५ सेंमी खाली, चुन्याच्या कोब्याखालची करडी राखेची माती. सोबत कोळसा, तीन खापऱ्या. वक्र पट्टी, लांबी ११.४ सेंमी, वजन १३८ ग्रॅम, कडेला पाच भोकं, दोन खिळे आत. साफ केलेली नाही. बैलाचा नाल. काळ: अजून ठरलेला नाही."